पोरीच्या दाढेला सील?

मित्रहो, फुकटच्या शिबिराचं नाव काढलं की माझ्या मनात आधी संशय येतो. काल माझ्या सात वर्षांच्या सानियाने शाळेतून मोफत दंत शिबिराचं संमतीपत्र आणलं: "दाढा लेपाने सील करणे." शेजारचे नाना म्हणाले, "सील त दुकानले मारतस भाऊ, पोरना तोंडले कशाले?"

आज सही न करताच अमळनेरच्या तिच्या शाळेत गेलो. दातांच्या डॉक्टरबाईंना विचारलं, "आत कीड असली तर तीही कोंडणार का? आणि पडणाऱ्या दुधाच्या दाढेला लेप कशाला?"

"दुधाची नाही, भाऊ, जन्मभराची दाढ आहे. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे उगवते. तिच्यासाठी आधी दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरी कळत नाही. मी आधी तपासते, मगच दाढेवरच्या खाचा लेपाने बुजवते. तुम्हीच बघा."

बाईंनी सानियाच्या तोंडात धरलेल्या आरशात पाहिलं. डावी दाढ स्वच्छ होती, उजवीत काळा खड्डा. तिथे लेप चालणार नाही, आता कोरून भरावी लागेल, असं बाई म्हणाल्या.

डावीसाठी सही केली. प्रश्न विचारल्याचा पस्तावा नाही, तुम्हीही विचारा. पण डॉक्टरवर डोळे वटारणारा मी लेकीच्या तोंडात वर्षभर डोकावलो नव्हतो. तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?