होडीतली रिकामी जागा

सौंसरच्या एका बागेत संत्री भरायच्या दिवसांत मी पेट्यांवर काळ्या रंगानं गावांची नावं लिहायचो. शेजारी एक जण पेट्या ठोकायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ओठांत चार-पाच खिळे धरूनच तो बोलायचा, आणि दोन मिनिटं एका जागी बसणं त्याला जमत नसे.

एकदा पेटीत अंथरायच्या रद्दीतून समुद्रावरच्या लढाईचं हिंदी कॉमिक निघालं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायचो. पान वाचून झालं की ते पेटीत, त्यावर संत्री. शेवटच्या पानावर जहाज बुडालं आणि कप्तान एकटा होडीतून सुटला.

"संपलं," मी म्हणालो.

त्यानं ओठांतले खिळे काढले. "आन खालचे? इंजनपाशी काम करणारे?"

"ते नाही दाखवले."

"असं कसं, बाबूजी? माहा पोरगा जहाजावर तेच काम करून राहिला. तीन महिने झाले, चिठ्ठी नाही."

तो उठला आणि ठोकलेल्या पेट्या उघडू लागला. मुकादम ओरडत होता, ट्रक उभा होता. यानं सगळी पानं काढून उलटसुलट पाहिली. मग होडीचं पान माझ्यापुढे ठेवलं.

"जागा आहे होडीत. एक माणूस काढा."

मी जाड ब्रशनं कसाबसा एक माणूस काढला. त्यानं तो निरखून पाहिला.

"थोडा अजून उंच आहे तो," म्हणाला.