खालच्या अर्ध्यातली सरकी

मला वाचता येतं, हे सासरी कुणाला सांगायची सोय नव्हती. अमरावतीला माहेरी थोरला भाऊ शाळेत जायचा, त्याच्या पाटीवर डोळा ठेवून मी अक्षरं उचलली. त्यानंच एकदा कवठावर कोळशानं मधोमध रेघ ओढून दाखवली. ही पृथ्वी. रेघेच्या वरच्या अर्ध्यात आपण, खालच्या अर्ध्यात दुसरे मुलूख. वर उन्हाळा असला की खाली थंडी, अन् वर थंडी की खाली उन्हाळा. मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाला, "पंतोजीनं सांगितलं तेच सांगून राहिलो." मग ते कवठ आम्ही गूळ घालून खाल्लं.

सासर अकोल्याकडचं. दूर कुठं लढाई जुंपली म्हणे, त्यामुळे कापसाला वेडा भाव आलेला. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून पऱ्हाटी लावली. मृगाच्या तोंडावर माझे सासरे, म्हणजे मामाजी, कचेरीतून परदेशी सरकीची थैली घेऊन आले. सोबत कारकुनानं लिहून, वाचून दाखवलेला कागद; मामाजींना अक्षर येत नव्हतं. त्यात पेरणी आश्विनात सांगितली होती, म्हणून मामाजींनी विहिरीजवळचं सगळ्यांत चांगलं वावर तिच्यासाठी रिकामं राखलं.

कागद बाळबोध अक्षरात होता. कोनाडा झाडताना मी वाचला. सरकी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची, तिथं आश्विनात पेरतात, एवढंच लिहिलेलं. खोटं काहीच नव्हतं. पण तो मुलूख खालच्या अर्ध्यातला. त्यांचा आश्विन म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. आपल्याकडं तेव्हा थंडी येते.

सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, म्हणून मी यांना सांगितलं.

"अवो, ते बी आत्ताच पेरा लागते. मामाजीले सांगा."

हे हसले. "तिथले लोक खाली डोकं वर पाय करून पेरतेत का?"

"हसू नका. वावर वाया जाईन."

"अन् बाबा इचारतीन, तुले कोनं सांगितलं? काय सांगू, बायकोनं कचेरीचा कागद तपासला?"

सासूबाईंना सांगावं तर वाचल्याचं आधी कबूल करावं लागणार. त्या वर्षी पाऊस काय छान झाला. शेजारची पऱ्हाटी कमरेला लागली अन् आमचं वावर नुसतं भिजत राहिलं.

आश्विनात मामाजींनी नारळ फोडून सरकी पेरली. ओलीवर उगवली तेवढी उगवली. पौषाच्या थंडीत पानं लाल पडली, रोपं वीतभरच राहिली. मामाजी विहिरीचं पाणी घागरींनी ओतायला लागले. मीही घागरी वाहायची.

एक दिवस ते कागद घेऊन थेट माझ्यापुढं उभे राहिले. माझ्याशी बोलण्याची ती त्यांची पहिली वेळ. यांनीच कधीतरी सांगितलं असणार.

"तुले वाचता येते म्हनते. पाह्य बरं, आश्विनच लिवलं हाये ना? का माह्या आयकण्यात चूक झाली?"

मी पदर सावरला. कागदाकडं पाहायचीही गरज नव्हती, तरी पाहिलं.

"आश्विनच हाये, मामाजी."

"मंग पेरणं बराबरच झालं," ते म्हणाले. चेहरा इतका मोकळा झाला त्यांचा, की पुढचं माझ्या तोंडून निघेना. "पाणीच कमी पडून राहिलं."

अन् त्यांनी दुसऱ्या दिवसापासून दुप्पट घागरी सांगितल्या.