गिरजाकाकूने बदललेला शेवट

गिरजाकाकू गेल्याचा फोन तिच्या पुतण्याने केला. उसाच्या फडात मोळी उचलताना भोवळ आली आणि ती पुन्हा उठलीच नाही, एवढंच त्याला सांगता आलं. महिना उलटून गेला, तरी तिच्याबद्दल ‘होती’ असं लिहिताना हात अडखळतो... लिंबागणेशच्या अलीकडे आमचं गाव, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून काकूचं घर. नात्याने कुणी नव्हती, पण माझ्या पाठीत तिने आईपेक्षा जास्त धपाटे घातलेत.

तिचा नवरा बाबूकाका एका दुष्काळी साली पश्चिमेकडच्या सहकारी कारखान्याच्या भागात ऊस तोडायला गेला. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पण त्या साली सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून काकू मागे राहिली आणि तो गावातल्याच एका गड्याबरोबर जोडी लावून गेला. एका सकाळी तो फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत नव्हता. मुकादम म्हणाला पळाला, कारखाना म्हणाला माणसं मुकादमाची, पोलीस म्हणाले जाणता माणूस आहे, येईल. काकूने तेवढं ‘येईल’ धरून ठेवलं. सासू वारल्यावरही ती फडावर गेली नाही. दिवाळीनंतर गाव ओस पडायचं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांत ही एकटी धडधाकट बाई मागे उरायची. तो आला तर दाराला कुलूप दिसायला नको, म्हणायची.

पुढे मी सिनेमाच्या नादी लागलो. पहिलाच चित्रपट केला तो बेपत्ता ऊसतोड कामगारांवरचा रहस्यपट. त्यातल्या हरवलेल्या माणसाच्या बायकोचं काम काकूनेच करावं, असा मी हट्ट धरला. ती एका बोलीवर तयार झाली. सिनेमा कारखान्याकडच्या गावांत दाखवायचा. कुणीतरी बघून काही सांगेल, ही तिची आशा. असल्या चित्रपटाला पाऊस लागतो, म्हणून मी टँकर मागवला, तर काकू पदर खोचून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. “प्यायला थेंब न्हाई अन् तू पानी कावून सांडायलास?” सगळ्या युनिटसमोर माझी शोभा झाली. टँकर बायकांच्या घागरींत गेला आणि आमचा रहस्यपट रखरखीत उन्हातच पार पडला.

शेवटच्या प्रसंगात विहिरीतून मृतदेह निघतो, बायको चादर वर करते आणि हंबरडा फोडते. तालमीत काकूने सगळं नीट केलं. प्रत्यक्ष चित्रीकरणात मात्र चादर उचलून तिने शांतपणे पाहिलं, “ह्यो आमचा माणूस न्हाई,” म्हणाली आणि चालू लागली. पुन्हा करायला तिने साफ नकार दिला. नाइलाजाने मी तेच ठेवलं. शहरातल्या जाणकारांनी त्या ‘खुल्या शेवटा’चं तोंड भरून कौतुक केलं आणि मीही मिशीला पीळ देत ते ऐकून घेतलं. बोलीप्रमाणे कारखान्याकडच्या गावांतही तो दाखवला. लोकांनी पाहिला आणि उठून गेले.

गेल्या उन्हाळ्यात तिकडच्या पोलिसांचा निरोप आला. आटलेल्या विहिरीचा गाळ काढताना माणसाची हाडं सापडली होती. मी काकूला घेऊन गेलो. सरकारी दवाखान्याच्या शवागारात हाडांशेजारी एक चुन्याची पितळी डबी ठेवली होती. काकूने ती हातात घेतली. डबीच्या कडेला एक पोचा होता, आणि काकू समोरच्या पोलिसाकडे बघत बोलत असतानाच तिचा अंगठा आपोआप त्या पोच्यावर गेला, तिथेच फिरत राहिला. मग तिने डबी खाली ठेवली. “ह्यो आमचा माणूस न्हाई.” पोलिसांनी तिचा अंगठा घेतला. हाडं बेवारस राहिली. येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही...

त्या दिवाळीनंतर काकू घराला कुलूप लावून, विधवा नणंदेबरोबर जोडी करून फडावर गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी ऐकलं तेव्हा जे कळायचं ते मला कळलं.

मी गावी पोचलो तेव्हा ऊसतोडीच्या टोळीने तिला ट्रॅक्टरमधून आणलं होतं. अंघोळ घालून झाली होती आणि बायका अडल्या होत्या. हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं? कपाळ भरायचं की तसंच ठेवायचं? कुणी म्हणे, इतकी वर्षं झाली, आता कसला नवरा. तिची थोरली जाऊ सुभद्राकाकू बाहेर माझ्याकडे आली.

“तू गेलतास ना तिच्यासंगं? काय म्हणली व्हती ती?”

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. डबीचं माझ्या ओठांवर आलं होतं.

“आपला माणूस न्हाई, म्हणली.”

सुभद्राकाकू आत गेली. मी उंबऱ्याशी भिंतीला टेकून रडलो. थोड्या वेळाने त्यांनी काकूला बाहेर आणलं. हिरवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या आणि कपाळावर ठसठशीत मळवट... तिने ठरवलं होतं तशी, अहेव.