पेटीत गोधडी चालत नाही

केसरीनाथचा टेम्पो गल्लीत वळला की कामतघर वस्तीतले लोक आधी आपापल्या घरातली म्हातारी माणसं डोळ्यांनी मोजून घेतात. मयत ठेवायची थंड पेटी मंडळाची, पण ती चालवतो केसरीनाथ. पूर्वी कापडाच्या लूमचा फिटर होता. त्याला लग्नाच्या पत्रिका येतात. 'आधीपासून ये हां' असा आग्रह मात्र कोणी करत नाही.

त्याच्या मते काम सोपं. वायर लावायची, झाकण लावायचं आणि नातेवाईकांना लांब ठेवायचं. पहिल्या दोन गोष्टी कोणालाही जमतात.

गेल्या मे महिन्यात टेमघरच्या कमळाबाई पहाटे गेल्या. मुलगा मनोज मस्कतला. तो पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी. फोनवर त्याने एवढंच मागितलं, "आयचं तोंड बघितल्याबिगर नेऊ नका."

पत्रे तापायच्या आत पेटी लागली. कमळाबाईंना आत निजवलं, तोच त्यांची थोरली बहीण धोंडूबाई जाडजूड गोधडी घेऊन हजर.

"केसऱ्या, झाकण उघड. तिला पांघरूण घालू दे."

"मावशे, पेटीत गोधडी चालत न्हाय."

"तिला हिव सोसत न्हाय रं! उन्हाळ्यात पंखा बंद करायला लावायची, आन् तू तिला बर्फात टाकलीस?"

"बर्फ न्हाय, कूलिंग हाय."

"तुझ्या आयला अशी उघडी निजवशील?"

"माझी आय जिती हाय, मावशे. आत्ताच शिव्या घालून धाडलाय मला."

कमळाबाईंची सून दिपाली मध्ये पडली. "घालू द्या ना काका, त्यांचं मन राहील."

केसरीनाथने तिला बाजूला घेतलं. गोधडी ऊब धरते, जित्याची धरते तशी मेलेल्याचीही. अंग वेळेत गार पडलं नाही, तर मनोज येईपर्यंत चेहरा ओळखीचा राहणार नाही. दिपालीने पदर तोंडाशी नेला. हे धोंडूबाईला सांगणार कोण?

केसरीनाथनेही सांगितलं नाही. "मावशे, आत पाणी सुटतं. ओल्या गोधडीत निजवायची का तिला?"

धोंडूबाई विचारात पडली. "मंग?"

"पातळ सुती लुगडं दे. एकेरी."

धुऊन धुऊन विरलेलं लुगडं कमळाबाईंच्या अंगावर पडलं, झाकण बसलं. धोंडूबाईने काचेवर हात ठेवला.

"बटण जरा कमी कर की."

"केलं बघ," म्हणत केसरीनाथने ते आणखी एक घर वाढवलं.

सकाळी मनोज बॅगेसकट आत आला. झाकण उघडलं. कमळाबाई आदल्या दिवशी होत्या तशाच होत्या, कपाळावरच्या आठीसकट. मनोज बघत राहिला. गारवा भसाभसा बाहेर चालला होता, पण केसरीनाथने झाकण उघडंच ठेवलं. दारातल्या खांदेकऱ्यांना त्याने हातानेच थांबवलं.

"रातभर गार लागू दिलं न्हाय रं तिला," धोंडूबाई म्हणाली.

मनोजचा हात आईच्या गालावर होता.

"व्हय मावशे," तो म्हणाला.