पहिली सही माझी

“तुम्ही जरा पुढे या. तुमच्यातलं कोणीतरी दिसायला हवं फोटोत.”

मराठी मंडळाचे अध्यक्ष श्रीकांतदादा चारचौघांत, हसत हसत बोलले. हातात कॅमेरा. मी सवयीनं तिसऱ्या रांगेत उभा होतो. ‘तुमच्यातलं’ म्हणजे काय, ते त्या हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. कुणालाही काही वावगं वाटलं नाही. आणि मी पुढे गेलो. कॉलर नीट करून गेलो.

हे २००८ सालचं, जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावातलं. आम्ही सगळे आसपासच्या कंपन्यांत इंजिनीअर. तो फोटो एका पत्रासोबत मुलांच्या शाळेला जाणार होता. पत्र पाठवायची, फोटोत माणसं निवडून उभी करायची ही युक्ती मंडळाला शिकवली कुणी? मीच.

त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. मंडळात दुसरा विषय नव्हता. कृष्णवर्णीय माणूस अध्यक्ष होणार म्हणून आमचे लोक टाळ्या पिटत होते. जर्मनीला येण्याआधी मी तीन वर्षं मिशिगनमध्ये काढली होती, म्हणून सप्टेंबरात मला त्या निवडणुकीवर बोलायला बोलावलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच. तोवर मी खुर्च्या लावायचो. “अहो, एवढे काय हुरळून जाताय?” बायको म्हणाली. पण हुरळलो होतोच. नवा शर्ट घेतला.

तासभर बोललो. तिथे मोठे पक्ष दोनच, पण उमेदवार कोण हे आधी लोकांच्या मतदानातून ठरतं, हे सांगितलं. पक्षाला निवडून यायचं असतं. दबावगटाला निवडणूक लढवायची नसते, त्याला निवडून आलेल्याकडून आपलं एक काम करून घ्यायचं असतं. बंदूकवाल्यांचा गट, डॉक्टरांचा गट, म्हाताऱ्या माणसांचा गट. माणसं थोडी असली तरी चालतात, पत्रं मात्र एका सुरात गेली पाहिजेत. आणि सभेत उमेदवाराच्या पाठीमागे कोण कोण दिसणार, तेही आधीच ठरवतात. एक कृष्णवर्णीय, एक आजीबाई, एक कामगार. लोक हसले. मीही हसलो.

भाषण झाल्यावर श्रीकांतदादांनी पाठ थोपटली. “गेनाऊ! अगदी बरोबर! हेच आपण इथे करायला पाहिजे.” मग सहज विचारल्यासारखं, “तुमचं गाव कुठलं?” सांगितलं. “गावात कुठे?” हा प्रश्न मी पाच वर्षं चुकवला होता. त्या दिवशी कौतुकानं जीभ सैल झाली. आम्ही बौद्ध, वस्ती ओढ्यापलीकडे. सांगून टाकलं. “अरे वा, फारच छान,” ते म्हणाले. त्यात छान काय होतं, ते मला पुढच्या महिन्यात समजलं.

शाळेत सातवीला भारतावर दोन पानं शिकवायचे. त्यात अर्धं पान जातीवर. मंडळाला ते झोंबलं. वर्गात मुलांना कसंतरी होतं म्हणे. सगळ्या मराठी पालकांच्या वतीनं जर्मनमध्ये पत्र तयार झालं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : ‘आमच्यापैकी कोणीही असा भेदभाव पाहिलेला किंवा सोसलेला नाही.’

“पहिली सही तुमची,” श्रीकांतदादा म्हणाले.

मी वाचलं. दोनदा वाचलं. सही केली. कुणी हात धरला नव्हता. नोकरी जाणार नव्हती. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा खुर्च्या लावायला लागतील, एवढीच भीती. एवढ्यासाठी मी बाप विकला.

माझा बाप राखीव जागेवर गावचा सरपंच झाला होता. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. ग्रामपंचायतीत त्याला खुर्ची नव्हती, दाराशी फाटकी सतरंजी होती. पंधरा ऑगस्टला झेंडा उपसरपंचानं फडकावला. ठराव घरी यायचे, वरचा मजकूर झाकलेला, फक्त सहीची जागा उघडी. दीड वर्ष त्यानं सह्या केल्या. मग एक दिवस म्हणाला, “वाचल्याबिगर सही न्हाई करायचा.” अविश्वास ठराव आला आणि पद गेलं.

मला तर वाचायला पूर्ण वेळ दिला होता.

वाद नको म्हणून शाळेनं ते अर्धं पान वगळलं. मंडळात पेढे वाटले. मीही खाल्ला.

चार दिवसांनी मुलगी शाळेतून आली. बारा वर्षांची. मराठी समजते, बोलते जर्मनमध्ये. त्या धड्यासाठी तिनं रेफेराट तयार केलं होतं, म्हणजे वर्गापुढे करायचं भाषण. आजोबांना फोनवर मोडक्यातोडक्या मराठीत विचारून. सतरंजी, झेंडा, सगळं तिच्या वहीत होतं. मला पत्ताच नव्हता. बाईंनी तिला आमचं पत्र दाखवलं आणि हा विषय आता नको म्हणाल्या.

दप्तर न उतरवताच तिनं विचारलं, “हाट आजोबा गेलोगेन?” आजोबा खोटं बोलले का?

“नाही,” मी म्हणालो.

“दान हास्ट डू गेलोगेन.” मग तू बोललास.

ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी श्रीकांतदादांच्या घरी गेलो.

“पत्रावरून माझं नाव काढा.”

“अहो, झालं ना काम आता. एवढं काय मनाला लावून घेता? एका सुरात बोलायचं, हे तुम्हीच शिकवलंत. आणि तुमचंच नाव काढलं तर पत्रात राहिलं काय?”

“म्हणूनच काढा.”

“मंडळात मग अवघड होईल तुम्हाला.”

“होऊ दे.”

चहा तसाच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी शाळेला माझं वेगळं पत्र दिलं : वाक्य खोटं आहे, मी सही मागे घेतो. उत्तर आलं की पालकांतच मतभेद आहेत, तेव्हा विषय बाजूलाच ठेवू. माझ्या मुलीचं भाषण वहीतच राहिलं.

वडिलांना फोन करून सगळं सांगितलं.

“वाचून केलीस?”

“हो.”

त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या सप्टेंबरात शाळेत पालकसभा झाली. तिथे दर वर्षी मतदान घेऊन वर्गासाठी पालकांचा प्रतिनिधी निवडतात. श्रीकांतदादांच्या पत्नी, मीनलवहिनी, उभ्या होत्या. त्यांचा मुलगा त्याच वर्गात. मी हात वर केला. माझ्या अडखळत्या जर्मनमध्ये सांगितलं की मी दलित आहे. माझा बाप सरपंच असून त्याला जमिनीवर बसवलं. आणि असं काही घडतच नाही, अशा कागदावर पहिली सही मी केली. तो धडा परत आणायचा म्हणून उभा आहे. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. चोवीस पालक होते. मला चार मतं पडली, त्यातलं एक माझं.

वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण चोवीसच्या चोवीस मतं पडली असती तरी माझी सही पुसली नसती. ती मी मरेपर्यंत माझीच. मुलगी अजून चार वर्षं या शाळेत आहे. दर सप्टेंबरात मी हात वर करणार. दर वेळी आधी माझा गुन्हा सांगणार, मग बापाचा अपमान. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी उठून जावं. मी खाली बसणार नाही.