बांधावर थांबलेला शिकारी

वावराच्या बांधावर आला की तो आधी पायातल्या वहाणा काढायचा, काखेत मारायचा आणि हाक द्यायचा, "भाऊ, येऊ का वावरमा?" मागे चार कुत्री गपचूप बसलेली. मालकाने मान हलवल्याशिवाय ना त्याचं पाऊल आत पडायचं, ना कुत्र्यांचं. तुमच्याही गावात असा एखादा पाहिला असेल तुम्ही. आमच्या गावात, पांझरेच्या काठी, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत हा होता. नदीकडच्या बाभळींत त्याची झोपडी होती.

आम्हा शेतकऱ्यांचं त्याच्याशी वागणं मोठं सोयीचं होतं, हे आधीच कबूल करतो. रानडुकरांनी भुईमूग उकरला की आम्ही त्याच्या झोपडीपर्यंत पायपीट करायचो, गोड बोलायचो. डुकरं पांगली की तोच माणूस आणि तीच कुत्री आमच्या डोळ्यांत खुपायची. तो कधी बोलून दाखवत नसे. डुक्कर मारलं की वावराच्या मालकाचा वाटा काढायची त्याची रीत होती. आमची आई माळकरी. ती दारातूनच हात जोडायची. मग तो हसून म्हणायचा, "माय, तुम्हना वाटा मैना खाई लेई."

मैना म्हणजे त्याची तांबडी कुत्री. भाकरीचा पहिला तुकडा तिचा, मग त्याचा. बायको नाही, पोर नाही. जे काही होतं ते मैनाच.

एका वर्षी सशामागे धावताना त्याची कुत्री माझ्या कपाशीत घुसली. दोन ओळी मोडल्या. नुकसान फार नव्हतं, पण शेतीचा कारभार नुकताच माझ्या हातात आला होता आणि डोक्यात हवा होती. मी त्याला पंचांसमोर उभं केलं. माझ्या परवानगीशिवाय माझ्या वावरात पाय ठेवणार नाही, असं लिहून घेतलं.

"भाऊ, हाई ते मी आधीच करस ना," तो गोंधळून म्हणाला. तरी अंगठा दिला, आणि अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसली. पंच हसले. मीही हसलो.

पुढल्या वर्षी कपाशी फुटायच्या दिवसांत, दुपारी जेवून मी आडवा झालो होतो. शेजारच्या वावरातल्या अक्का दारात आल्या.

"तो शिकारी तुन्हा बांधवर बशेल शे. येऊ का म्हणस."

"नई म्हणजे नई! अंगठा देयेल शे त्यानी," मी पडल्या पडल्याच ओरडलो.

"आरे, पन त्यानी कुत्री..." अक्का काहीतरी सांगत होत्या. मी कूस बदलली. बिचाऱ्या उन्हातून परत गेल्या आणि त्याला माझा निरोप देऊन आल्या.

दिवस कलल्यावर शेतात गेलो तर तो बांधावर उकिडवा बसलेला. कुत्री तीनच. नदीकडून डुक्कर उठलं होतं. मैना त्याच्यामागे माझ्या कपाशीत शिरली आणि तिथेच डुकराने तिचं पोट फाडलं. तिला उठता येत नव्हतं, आणि परक्या माणसाला ती अंगाला हात लावू देत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याला सांगितलंही, "जाय ना वावरमा, कोण देखस?" त्याचं एकच, "भाऊ नई म्हने." वीस पावलांवर ती कण्हत होती आणि हा बांधावरून तिच्याशी बोलत राहिला.

"ये, आत ये," मी म्हणालो.

तो गेला. एक बोंडही न मोडता ओळींमधून गेला आणि तिला पागोट्यात गुंडाळून घेऊन आला. माझ्यासमोर थांबला. शिव्या देईल असं वाटलं; दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दुपारपावत जित्ती व्हती, भाऊ," एवढंच म्हणाला.

ती जगली असती का, कोण जाणे. निदान त्याच्या मांडीवर तरी गेली असती. तेवढंही मी त्याला मिळू दिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात डुकरांनी माझा सगळा भुईमूग उकरला. सकाळीच उठून त्याच्या झोपडीकडे गेलो. झोपडी उघडी होती, चुलीत गवत उगवलं होतं. कोणी म्हणे नवापूरकडे गेला, कोणी म्हणे सुरतेला. पुन्हा तो आमच्या शिवारात दिसला नाही. त्या सकाळी मी माफी मागायला निघालो होतो की डुकरं हाकलून घ्यायला, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.