टोझर लोहाराची बिल्बो

आमच्या शेजारचा हम्फ्री टोझर इंग्लंडातल्या आमच्या प्लिमथ बंदरातल्या जहाजांसाठी पायबेड्या घडवायचा आणि मिरवायचा मात्र तलवार! स्पेनमधल्या बिल्बाओच्या पोलादाची, म्हणून बंदरावर तिला बिल्बो म्हणत. पायबेड्याही मुळात तिथल्याच लोखंडाच्या, म्हणून त्याही बिल्बोच. तलवार त्याच्या बापाने फुटक्या स्पॅनिश गलबतातून उचललेली. गिऱ्हाईक आलं रे आलं, की हा तिचं टोक मुठीपर्यंत वाकवून सोडायचा. ती सण्णकन सरळ व्हायची आणि माझ्या कोंबड्या अंडी घालायचं विसरायच्या.

"टोझरदादा, हिच्याशीच लग्न लावायचं होतंत," मी कुंपणावरून म्हणायचे.

"तू तुझी बिअर बघ, टॅमसिनबाई. पाणी जरा कमी ओत."

एके सकाळी जहाजाचा मुकादम त्याच्या दारात आला. त्याच जहाजावर खलाशी असलेल्या टोझरच्या पोराने, ॲम्ब्रोजने, दारूच्या नशेत या मुकादमावर सुरा उपसला होता.

"जहाजावर सुरा उपसला की उजवा हात तोडतात, ठाऊक आहे ना?" मुकादम म्हणाला. "कप्तानाला पोराची दया आलीय, बेडीवर भागवतो म्हणतो. पण आमच्या बेडीचा दांडा तेवढा उरलाय, कडी गंजून गेली. भरतीला निघायचंय. कडी मिळाली तर ठीक, नाहीतर..." त्याने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

स्पेनशी लढाई जुंपल्यापासून चांगलं लोखंड येईना. टोझरचं दुकान रिकामं. मी धावत जाऊन माझा चुलीचा चिमटा आणला.

"हा?" टोझर म्हणाला. "कप्तान एका लाथेत मोडेल आणि कुऱ्हाड मागवेल."

मग त्याने खुंटीवरची तलवार काढली. मी भाता ओढायला बसले. त्याने ती भट्टीत खुपसली. लाल झालेलं पातं तोडलं, दुमडून ठोकलं, कडी वळवली. माप स्वतःच्या घोट्यावर घेतलं.

"पाय माझ्यावर गेलेत गाढवाचे."

मग आतली कड कानशीने घासत बसला.

"अरे, बेडी आहे ती! नवरीचे पैंजण घडवतोयस का?" मुकादम ओरडला.

"तुम्ही भरतीकडे बघा."

जहाज निघालं तेव्हा आम्ही धक्क्यावर होतो. ॲम्ब्रोज डेकवर पाय अडकवून बसला होता. भट्टीच्या धुराने टोझरची नजर अधू झालेली.

"काय करतोय गं?"

"हात हलवतोय."

"कुठला?"

"उजवा, दादा. उजवाच."